खोडाळ्याच्या रस्त्यावरची एक्सप्रेस

भुसावळहून निघताना बायको म्हणाली, "अहो, जिथे रूळच नाहीत अशा ठिकाणी तुम्ही चार दिवस काढणार कसे?"

प्रश्न टोमण्याचा होता, पण अगदीच खोटा नव्हता. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गेली. कंट्रोल म्हणजे एक बंद खोली, समोर टेबलभर पसरलेला कागद आणि कानाला टेलिफोन. एकेका स्टेशनचा मास्तर ओरडून सांगणार, अमुक गाडी अमुक वाजता सुटली, की आम्ही कागदावर तिरपी रेघ ओढायची. गाडी डोळ्यांनी न बघता ती कुठे आहे ते छातीठोकपणे सांगायचं, हा आमचा धंदा. निवृत्त झाल्यावर कागद गेला, टेलिफोन गेला, पण खोड कुठे जाते! आता ती हौस मी मोबाइलवर भागवतो. उपग्रहावरून गाड्यांचं ठिकाण दाखवणारं एक ॲप माझ्या फोनमध्ये आहे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या मी घरबसल्या फुकट सांभाळत असतो.

जव्हार-मोखाड्याला जायचं कारण एक आवाज. काळूराम भोये हे नाशिकच्या अलीकडच्या एका छोट्या स्टेशनवर मास्तर होते. वीस वर्षं आम्ही रोज फोनवर बोललो, भांडलो, एकमेकांच्या पोरांची लग्नं फोनवरूनच जमवली, आणि तोंड मात्र एकदाही पाहिलं नाही. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी, मोखाडा तालुक्यात खोडाळ्याजवळच्या पाड्यावर राहायला गेले. "साहेब, मरायच्या आधी एकदा या," असं दर दिवाळीला म्हणायचे. यंदा फेब्रुवारीत म्हटलं, चला.

नाशिक रोडला उतरून एसटी पकडली. त्र्यंबक मागे पडलं आणि रस्ता असा वळायला लागला की शेजारच्या आजीबाई वळणागणिक माझ्या अंगावर येऊ लागल्या. तिसऱ्या वळणाला त्यांनी विचारलं, "कुठला रं बाबा तू?"

"भुसावळचा."

"तिथं डोंगर नाय?"

"नाही आजी. केळी आहेत."

आजीबाईंना माझी फार दया आली. त्यांनी पिशवीतून मूठभर बोरं काढून हातावर ठेवली. डोंगर सगळे वाळून पिवळे पडले होते आणि उतारावर जागोजाग निळसर धूर निघत होता. मला वाटलं वणवा लागला. आजीबाई हसल्या. पावसाळ्यात रोपांसाठी बी जिथे पेरायचं त्या जमिनीवर पालापाचोळा नि शेण पसरून ती भाजून घेतात, त्याला इकडे राब म्हणतात. त्या धुराचा वास खिडकीतून जव्हारपर्यंत आमच्याबरोबर आला.

जव्हारच्या स्टँडवर उतरलो तर समोर पन्नास माणसं. यातला काळूराम कोणता? मी बावळटासारखा बघत उभा राहिलो, तेवढ्यात पाठीमागून हाक आली, "कंट्रोल, कंट्रोल, भोये बोलतोय!" तोच आवाज! वळून पाहिलं तर एक बुटका, काळासावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस दोन्ही हात पसरून उभा. मी इतकी वर्षं मनात एक उंच, गोरटेला मास्तर धरून बसलो होतो. त्यांनाही मी बारीक असेन असं वाटलं होतं म्हणे. दोघंही एकमेकांना पाहून पोट धरून हसलो.

दोन दिवस जव्हारला त्यांच्या पुतण्याकडे मुक्काम केला. राजवाडा पाहिला, दुपारी साखरशेतला त्यांच्या बहिणीकडे नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी खाल्ली. आम्ही खानदेशी माणसं, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीपुढे दुसरी भाकरी मानत नाही. पण त्या तांबूस-काळ्या मऊ भाकऱ्या मी चार खाल्ल्या आणि पाचवीला केवळ लाजेने नको म्हटलं. संध्याकाळी शिरपामाळावर जाऊन बसलो. छत्रपतींचा इथे मुक्काम झाला होता, असं काळूराम जणू त्या दिवशी स्वतः हजर असल्यासारखं सांगत होते. खाली दरी, वर मोकळं आभाळ. अशी जागा दिसली की माणूस देवाचं नाव घेतो. मी फोन काढला.

"बघा, किती उपग्रह पकडलेत! अकरा!" मी म्हणालो.

काळूरामांनी मिशीवरून हात फिरवला. "साहेब, आपल्या वेळी मास्तरने गाडीचं ठिकाण खोटं सांगितलं तर त्याची नोकरी जायची. या उपग्रहाचं काय जातं?"

"अहो, उपग्रह खोटं बोलतच नाही. त्याला काय पोरंबाळं आहेत थापा मारायला?"

तिथे आमची जुंपली ती अंधार पडेपर्यंत. वीस वर्षांची सवय, भांडल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोखाड्याला आलो. बाजाराचा दिवस होता. जीपांच्या टपांवर कोंबड्या, आत माणसं, आमच्याकडच्या काळीपिवळीसारखीच तऱ्हा. सुकटीच्या आणि बोंबलाच्या राशींवरून येणाऱ्या वासाने माझं केळीच्या मुलखातलं नाक पार बावरून गेलं. काळूरामांनी दोन किलो बोंबील घेतले आणि पिशवी माझ्याच हातात दिली. खोडाळ्यापर्यंत जीपमध्ये माझ्याशेजारी कोणी दाटीने बसलं नाही, एवढा त्याचा फायदा झाला.

काळूरामांच्या घरी पोचलो आणि खरं सांगतो, या सहलीला कामाचं वळण लागलं. त्यांची धाकटी मुलगी सुमन ठाण्याला नोकरी करते. तिची रेल्वेत निवड झाली होती. मूळ कागदपत्रं दाखवायला भुसावळच्या कार्यालयात बोलावलं होतं आणि मुदतीचा शेवटचा दिवस म्हणजे नेमका दुसरा दिवस, संध्याकाळी पाचच्या आत. बाकी सगळे कागद तिच्याजवळ होते. जातवैधता प्रमाणपत्र मात्र गेल्याच आठवड्यात हाती आलं होतं आणि ते घरी होतं. मूळ प्रतच लागणार. फोटो चालणार नाही, पोस्टाचा भरवसा नाही. सुमन ठाण्याहून सकाळच्या ज्या एक्सप्रेसने भुसावळला निघणार होती, तीच एक्सप्रेस मी परत जाण्यासाठी इगतपुरीला पकडणार होतो. मागची गाडी पाचच्या आत भुसावळला पोचत नव्हती.

"मग यात काय आहे!" मी म्हणालो. "कागद माझ्याकडे द्या. इगतपुरीला गाडीत चढलो की तिच्या हातात ठेवतो. साहेबांसमोर मीच नेऊन उभी करतो पोरीला."

काळूराम खरं तर स्वतः येणार होते. पण दुपारी मला नागलीचं शेत दाखवताना बांधावरून घसरले आणि त्यांचा पाय मुरगळून टम्म सुजला. तेव्हा त्यांची बायको, जानकीवहिनी, म्हणाल्या, "मी जाते भाऊंसंगं. पोरीला चार महिनं बघितली नाय. दोन मिन्टं त दोन मिन्टं." काळूराम नोकरीवर असताना या बाईंनी गावी राहून शेती, गुरं, सासू-सासरे आणि तीन पोरं एकटीने काढली. बोलणं मोजकं, आणि डोळे असे की खिशातली नाणी बाहेरून मोजतील.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. पाच वाजता अंगणात चहा झाला. शेजारचे चार-पाच जण भुसावळचा पाहुणा बघायला आले होते. कोणीतरी विचारलं, "सुमी उद्या येणार ती गाडी आता कुठं असल?" मी ऐटीत फोन काढला. पण पाड्यावर रेंज नाही. स्क्रीनवर नुसतं चाक फिरायला लागलं. सगळे माना वाकवून बघताहेत, चाक फिरतंय, मला घाम फुटतोय. हे ॲप गाडीचं ठिकाण ओळखतं ते गाडीत बसलेल्या लोकांच्या फोनवरून. प्रत्येकाचा फोन उपग्रहांना विचारून आपण कुठे आहोत ते कळवतो, त्यावरून गाडी कळते. रेंज नसेल तर दुसऱ्यांचे फोन काय सांगतात ते आपल्यापर्यंत येणार कसं? खाली एक बटण होतं, 'मी या गाडीत आहे'. ते दाबलं की ॲप तुमच्याच फोनचं ठिकाण गाडीचं ठिकाण म्हणून धरतं, त्याला रेंज लागत नाही. अब्रू वाचवायला मी ते हळूच दाबलं. झालं! खोडाळ्याला सगळ्यात जवळचा रूळ कसाऱ्याचा, म्हणून ॲपने निळा ठिपका कसाऱ्याजवळ नेऊन ठेवला.

"बघा! कसारा!" मी म्हणालो. मंडळी खूश.

फक्त काळूराम सुजलेल्या पायावर कपडा गुंडाळत म्हणाले, "पाच वाजता कसाऱ्याला? ती तर सकाळी साडेदहाला जाते."

"आज लेट असेल," मी म्हणालो.

थाप होती ती, सरळ सरळ. पण थाप संपली तरी बटण दाबलेलंच राहतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळी सव्वानऊला निघालो. काळूरामांच्या भाच्याची, दिलीपची जीप होती. पुढे मी, मधल्या सीटवर जानकीवहिनी. त्यांनी प्रमाणपत्राची प्लॅस्टिकची फाइल फडक्यात बांधून पोटाशी धरली होती. मी म्हटलं, "वहिनी, द्या माझ्या बॅगेत." त्या म्हणाल्या, "असू द्या. गाडीत देन." शेजारी लेकीसाठी भाकऱ्यांचं गाठोडं. रस्ता कडेला साग, पळस आणि मोहाच्या झाडांमधून वर-खाली होत जात होता. वाटेतल्या पाड्यांवर शुकशुकाट होता, निम्मी घरं बंद, माणसं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला गेलेली. इगतपुरीला गाडीची वेळ सव्वाअकरा, हातात दोन तास, रस्ता सव्वा तासाचा. मी शीळ घालत होतो.

आणि टायर पंक्चर झालं. बरं, स्टेपनी होती, पण जॅक कुठे होता? दिलीपने तो आदल्या दिवशी कोणाला तरी दिला होता. मागून टेंपो येईपर्यंत थांबावं लागलं, मग त्याचा जॅक घेऊन काम झालं. पुन्हा निघेपर्यंत साडेदहा वाजून गेले. वहिनींनी फाइल आणखी घट्ट धरली होती. त्यांना धीर द्यावा म्हणून मी फोन उघडला. रेंज नव्हतीच. पण ॲप म्हणत होतं, गाडी कसाऱ्याजवळ, वेग शून्य.

"वहिनी, काळजीच सोडा! आत्ता कुठे कसाऱ्याला उभी आहे. तिथे घाट चढवायला मागून जादा इंजिन लावतात, मग चाळीस मिनिटं नुसती चढण. आपण तिच्या आधी पोचतो."

जीप सुरू झाली. जरा वेळाने पाहिलं तर गाडीचा वेग तीस. "निघाली बरं का! घाटात याच वेगाने चढते ती," मी दिलीपला समजावून सांगितलं. आमच्या जीपचा काटाही तिसावरच होता, पण तिकडे बघतो कोण! आयुष्यभर गाड्या हाकलेला माणूस मी, मला जीपच्या काट्याशी काय करायचं? पुढे विहीगावच्या अलीकडे एक टपरी दिसली. मी म्हटलं, चहा होऊन जाऊ दे. चहाबरोबर गरम वडे निघत होते. ॲप बघितलं तर गाडी पुन्हा उभी. "पुढे मालगाडी अडकली असणार," मी निदान केलं आणि दुसरा वडा घेतला. तीस वर्षांचा अनुभव असला की माणसाला कुठल्याही खोट्या गोष्टीचं खरं कारण सापडतं.

दिलीप दोनदा म्हणाला, "काका, निघू या ना."

"अरे बस रे! गाडी माझ्या मुठीत आहे."

वहिनींनी चहा घेतला नाही. त्या जीपमध्येच बसून होत्या. आम्ही वीस मिनिटं तिथे घालवली. परत निघालो तेव्हा मी फोन दोन सीटांच्या मध्ये धरून वहिनींना निळा ठिपका दाखवायला लागलो. वहिनी वाकून बघत राहिल्या. पुढे वळणावर गुरं आडवी आली, दिलीपने ब्रेक मारला. गुरं गेली, जीप निघाली. मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, ही गाडी आपून थांबलो का थांबते. आपून निघालो का निघते."

"छे, छे, योगायोग..." एवढं बोललो आणि मला आठवलं. ते बटण! कसाऱ्याला उभी असलेली ती एक्सप्रेस म्हणजे आमचीच जीप. पंक्चर झालेली तीच, वडे खाणारीही तीच! अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. वेळापत्रकाप्रमाणे खरी गाडी दहा मिनिटांत इगतपुरीला लागणार होती, आणि आम्ही घाटाच्या खाली होतो.

खरं सांगायला पाहिजे होतं. पण त्या माउलीच्या हातातली फाइल बघितली आणि माझी हिंमत झाली नाही. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "सॅटेलाइट गंडलंय वाटतं."

वहिनींनी एकवार माझ्याकडे बघितलं. मग पुढे वळून म्हणाल्या, "दिलप्या, दाब."

दिलप्याने जी दाबली ती काय सांगू! खिडकीचा दांडा धरून मी सगळ्या देवांना एकेक करून हाका मारल्या. महामार्ग दिसायला लागला तशी फोनला रेंज आली आणि सुमनचे नऊ मिस्ड कॉल धडाधड उमटले. लगेच तिचा दहावा आला.

"काका, कुठे आहात? मी कधीची लावतेय! गाडी आत्ताच कसाऱ्याहून सुटली."

"आत्ता? कसाऱ्याहून?" मी जवळजवळ किंचाळलो.

"हो, आज लेट आहे."

अहो, ज्या माणसाने आयुष्यभर लेट गाड्यांपायी रक्त आटवलं, तो माणूस गाडी लेट आहे हे ऐकून जीपमध्ये टाळ्या वाजवायला लागला! काल मारलेली थाप आज देवाने खरी केली होती. पण आनंद दोन मिनिटंच टिकला. घाटात ट्रकांची रांग लागलेली. डोंगराच्या पलीकडून एक्सप्रेस चढतेय, इकडून आम्ही, आणि मध्ये लोखंडी सळ्यांचा एक ट्रक बैलगाडीच्या चालीने. दिलीप घामाघूम झाला. वहिनी मधूनमधून एवढंच म्हणत होत्या, "सावकाश. पन थांबू नको."

इगतपुरी स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती. लावलेली जादा इंजिनं इथे काढतात, म्हणून जरा वेळ मिळतो. पण तो वेळ कधी सुरू झाला ते आम्हाला कुठे माहीत! जिना चढायचा, पूल ओलांडायचा, पुन्हा उतरायचं. सुमन फोनवर ओरडत होती, "काका, सगळ्यात मागचा महिलांचा डबा!" माझ्या हातात बॅग, दुसऱ्या हातात घाईघाईत उचललेलं भाकऱ्यांचं गाठोडं आणि दोन्ही गुडघे साठीच्या पलीकडचे. जिन्याच्या मध्यावरच मी धापा टाकायला लागलो. "वहिनी, तुम्ही पळा!"

त्या माझ्या आधीच पळाल्या होत्या. नऊवारीचा ओचा खोचून, फाइल छातीशी धरून ती बाई पुलावरून अशी गेली की हमालांनी वाट सोडली. मी पूल ओलांडून पलीकडच्या जिन्यावर पोचलो तेव्हा गाडीची शिट्टी झाली. शेवटच्या डब्याच्या दारात सुमन हात लांब करून उभी होती. वहिनी पोचल्या, फाइल वर केली, पण फाइल अजून फडक्यात, फडक्याला गाठ, आणि गाठीचं टोक त्यांच्याच कमरेला! गाडी जराशी हलली. मी जिन्यावरून ओरडलो, "सोडा, वहिनी, सोडा!" त्यांनी सोडलं नाही. हलतेय न हलतेय तोच त्यांनी दांडा धरला, सुमनने दंड धरला, आतल्या दोघी बायांनी पदर धरला, आणि जानकीवहिनी फाइलीसकट डब्यात गेल्या.

मी फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचं शेवटचं टोक दिसत होतं. चालत्या गाडीत चढू नका, असं उभं आयुष्य लोकांना बजावलं. आज ते पहिल्यांदा माझ्यासमोर कोणी मोडलं आणि मी तिथे उभा राहून "शाबास! शाबास!" म्हणून ओरडत होतो. माझं आरक्षण गेलं, जागा गेली. कागद मात्र गेला तिथेच, जिथे जायला हवा होता.

दिलीपला परत पाठवलं. बाकावर बसून एक भाकरी खाल्ली आणि सुमनला फोन केला. टीसी आला तर सगळं खरं सांगून रीतसर पावती घे, असं बजावलं. मग मी ते 'मी या गाडीत आहे'चं बटण बंद केलं, आणि सुमनला तिच्या फोनवर तेच दाबायला लावलं. मागची गाडी आली, मी उभ्यानेच निघालो आणि नाशिकपासून पुढे फोन डोळ्यांसमोरून हलवला नाही. लासलगाव, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा. सुमन फोनवर जे स्टेशन सांगायची तिथेच ठिपका असायचा, एका मिनिटाचाही फरक नाही. उपग्रह बिचारे खरंच बोलत होते. कालही खरंच बोलत होते. फोन कुठे आहे एवढंच त्यांना ठाऊक. तो फोन गाडीत आहे ही थाप माझी होती.

ठिपका जळगावच्या पुढे गेला. भुसावळला लागला तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मग सुमनचा फोन बंद. पावणेपाच. लागेना. पाच. मी दारात उभा, वारा तोंडावर, आणि डोक्यात एकच, की माझ्या दोन वड्यांपायी एका पोरीची नोकरी गेली. पाच वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. सुमन रडत होती का हसत होती ते गाडीच्या आवाजात कळेना. "काका, कागद घेतला! सगळे तपासले! शिक्का मारला!" मी दारातल्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्यानेही कारण न विचारता मारून घेतली.

साडेसहाला भुसावळला उतरलो. मायलेकी कार्यालयातून परत येऊन फलाटावरच्या बाकावर बसून होत्या. मी म्हटलं होतं की घरी जा, बायको स्वयंपाक करून वाट बघतेय. सुमन म्हणाली, "आई ऐकेना. भाऊ मागून येतो म्हणाले, त त्यांना घेऊनच जाऊ, म्हणते." वहिनींनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, चाचपलं आणि म्हणाल्या, "एकच खाल्ली?"

आता मात्र मला राहवेना. तिथेच, सुमनसमोर, मी सगळं सांगून टाकलं. अंगणातली थाप, ते बटण, टपरीवरचा वेळ. "सॅटेलाइट गंडलं नव्हतं, वहिनी. मी गंडलो होतो. चूक माझी होती."

"मला तवाच कळलं व्हतं," वहिनी म्हणाल्या.

"मग बोलल्या का नाहीत?"

"बोलले आसते त तुमी तिथंच हातपाय गाळले आसते. आमचं मास्तर तसंच. चूक दाखवली का मटकन खाली बसतात." पदर सारखा करून त्या उठल्या. "मंग गाडी कोन गाठनार व्हता?"

आमच्या कंट्रोलमध्ये गाडी थांबली की पहिला प्रश्न असायचा, उशीर कोणाच्या नावावर टाकायचा? इंजिनवाल्यांच्या, सिग्नलवाल्यांच्या की मास्तरच्या? त्यावर तासन्‌तास भांडणं व्हायची, आणि गाडी तिकडे बिचारी उभीच असायची. कितीतरी वेळा मी काळूरामांनाही फोनवर असाच धरून ठेवला असेन. जानकीवहिनींना त्या जीपमध्ये उशीर कोणाचा ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तो कोणाच्याच नावावर टाकला नाही, आणि सुमनचा कागद पोचला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिकीट काढून वहिनींना खोडाळ्यापर्यंत सोडायला गेलो.